कच्चा माल थेट दळून ग्लेझ का होत नाही? फ्रिट कशाला लागते?

तुमचा प्रश्न असा की ग्लेझमध्ये, म्हणजे टाइलवरच्या काचेसारख्या थरात, शेवटी गारगोटी, फेल्डस्पार नावाचं खनिज, टाकणखार हेच असतं, तर ते आधी वितळवून त्याची काच, म्हणजे फ्रिट, करायचा खर्च कशाला? सगळं सरळ बॉलमिलमध्ये, म्हणजे गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या पिंपात, का टाकू नये? मी गुजरातमधल्या मोरबीला भिंतीच्या टाइल्सच्या कारखान्यात, ग्लेझच्या लॅबमध्ये काम केलंय. तिथे जे शिकले ते सांगते.

पहिली अडचण टाकणखाराची. तो पाण्यात विरघळतो. ग्लेझ पाण्यातच दळलेलं असतं आणि टाइल ते पाणी शोषते, त्याबरोबर टाकणखारातला बोरॉनही आत जातो. वर उरतं ते तुमच्या हिशेबातलं मिश्रण नसतंच. सोड्याच्या क्षारांचंही तसंच. म्हणून हे सगळं सुमारे 1400 ते 1500 अंशांवर वितळवून काच करतात आणि तो रस थेट पाण्यात सोडतात. त्याचे तडकून खडीसाखरेसारखे तुकडे होतात, तीच फ्रिट. काचेत बांधला गेलेला बोरॉन मग सहजी सुटत नाही. दळताना थोडी चिनी माती घालतात, नाहीतर काचेची पूड तळाशी बसते.

पण माझ्या मते खरं कारण वेळ आहे. रोलर भट्टीत, म्हणजे फिरत्या रुळांवरून टाइल पुढे सरकवणाऱ्या भट्टीत, टाइल पाऊण तासाच्या आसपास भाजून बाहेर येते. एवढ्यात कच्च्या मालातून वायू निघून त्याची एकजीव काच व्हायला सवड मिळत नाही. फ्रिटमध्ये ते काम आधीच झालेलं असतं.

इथेच एक मोठी चूक होते. भिंतीच्या टाइलच्या मातीत चुनखडी असते आणि ती तापल्यावर कार्बन डायऑक्साइड सोडते. माती आणि ग्लेझ एकत्र एकदाच भाजायची टाइल असेल, तर तो वायू निघून जाईपर्यंत ग्लेझची छिद्रं उघडी राहायला हवीत, म्हणजे फ्रिट साधारण 950 अंशांपर्यंत मऊ होऊन ती छिद्रं मिटता कामा नयेत. आमच्याकडे एकदा लवकर मऊ होणारी स्वस्त फ्रिट आली आणि अख्ख्या लॉटवर सुईच्या टोकाएवढी भोकं पडली. आम्ही दोन दिवस भट्टीलाच दोष देत राहिलो. शेवटी जुन्या आणि नव्या फ्रिटच्या दाबलेल्या गोळ्या उतरत्या फरशीवर शेजारी ठेवून भाजल्या, तर नवी कितीतरी खाली ओघळलेली. तेव्हापासून प्रत्येक नवीन पोत्याची गोळी आधी भाजल्याशिवाय मी ती मिलमध्ये जाऊ दिली नाही.

पांढऱ्या ग्लेझची गंमत मला आजही भावते. झिरकॉन हे खनिज घातलेली फ्रिट हातात घेतली तर बरेचदा काचेसारखी पारदर्शक दिसते. टाइलवर पुन्हा भाजताना त्यातून झिरकॉनचे बारीक स्फटिक सुटतात आणि तेव्हा कुठे ती दुधासारखी पांढरी होते.

तेव्हा फ्रिट घेताना भावाआधी दोनच गोष्टी विचारा: ती किती अंशांना मऊ होते, आणि तापल्यावरचं तिचं प्रसरण तुमच्या मातीशी जुळतं का. ते जुळलं नाही तर टाइल वाकते, किंवा ग्लेझवर केसासारख्या चिरा पडतात.