शिवणखोली: जुळता संच हप्त्यांवर, की बेमेळ फर्निचर रोखीने?

प्रश्न: मी घरी शिवणकाम करते, थोडं हौसेचं, थोडं ऑर्डरचं. एक खोली रिकामी झाली आहे. एका कंपनीचा जुळता संच (मशीनचं टेबल, कटिंग टेबल, कपाटं) बिनव्याजी १२ हप्त्यांत मिळतोय. रोख घेतला तर १० टक्के सूट. दुसरीकडे ओळखीच्या घरांतून निघालेलं जेवणाचं टेबल, ड्रॉवरची दोन कपाटं, काचेचं कपाट आणि उंच रॅक संचाच्या निम्म्या किमतीत होतंय. संचाच्या ६० टक्के रक्कम मी बाजूला काढली आहे. संचासाठी थोडी नोंदणी रक्कमही भरून बसले. घरचे म्हणतात, जुनं आणलंस तर खोली भंगाराचं दुकान दिसेल. काय करू?

उत्तर: ताई, बेमेळच घ्या. पण ‘निम्म्या किमतीत होतं’ हे तुमचं कारण मला पटलेलं नाही, कारण ते निम्म्यात होणार नाही.

संचाची किंमत १०० धरू. जुन्या वस्तूंचे ५०. त्या वेगवेगळ्या घरांतून येणार, म्हणजे टेम्पो आणि हमाली दर वेळी नव्याने. त्याचे ५ धरतो. सांधे आवळणं, ड्रॉवर सरकते करणं आणि पॉलिश मिळून ८. पाठीला आधार देणारी, वर-खाली होणारी खुर्ची ८. दिवे आणि प्लग पॉइंट ६. झाले ७७. तुमच्याकडे ६० आहेत. अर्थात खुर्ची आणि दिवे संचातही नाहीत, त्यामुळे संचसुद्धा १०० वर थांबत नाही, ११४ वर जातो. फरक आहेच, पण तुम्ही समजता तेवढा नाही.

‘बिनव्याजी’ या शब्दाकडेही जरा रोखून बघा. रोख दिले तर ९०, हप्त्यांनी १००. म्हणजे ९० उसने घेऊन वर्षभरात १०० परत करायचे. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, वर्षभर सरासरी जेमतेम निम्मी रक्कम तुमच्याकडे राहते, आणि हिशेब केला तर दर वार्षिक २० टक्क्यांच्या आसपास पडतो. शिवणखोलीसाठी या दराने कर्ज काढा असं मी कुणालाही सांगणार नाही. ऑर्डरचं उत्पन्न महिन्यागणिक कमी-जास्त होणाऱ्याला तर नाहीच.

तरीही माझं मत बेमेळकडे झुकतं ते किमतीमुळे नाही. संच घेताना सगळे निर्णय एकाच दिवशी घ्यावे लागतात आणि तेही त्या खोलीत एक कपडा शिवण्याआधी. उजेड कुठून येतो, इस्त्री कुठे ठेवली की हाताशी राहते, कापड पसरायला किती जागा लागते, हे काम सुरू झाल्यावरच कळतं. जुन्या वस्तू एकेक करून घेता येतात, नको असेल तर काढता येतात. त्यांची किंमत उतरायची ती आधीच उतरलेली असते, म्हणून भरीव लाकडाची वस्तू बऱ्याचदा घेतली त्याच्या जवळपास विकली जाते. भुशाच्या दाबलेल्या फळीचं तसं नाही. दोनदा उकलून जोडली की स्क्रू धरत नाहीत. एक पथ्य मात्र पाळा: मशीन बसवायला जेवणाच्या टेबलाला भोक पाडू नका. पाडलंत की ते टेबल दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं राहत नाही.

दिसण्याबद्दल घरच्यांची भीती रंगावरून आहे. रंगाचा बेमेळ डोळ्यांना खटकेल, पैशाला नाही. उंचीचा बेमेळ महाग पडतो. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. त्यावर मशीन ठेवलं की हात खांद्यातून उचलून शिवावं लागतं. म्हणून खुर्ची वर घ्यावी लागते आणि पायाखाली पाट लागतो. याच टेबलावर उभ्याने कापड कापायला गेलात तर कंबर बोलेल, कारण त्या कामाला ९० सेंटिमीटरच्या आसपास उंची लागते. तुमच्या ड्रॉवरच्या कपाटांची उंची मोजा. दोन्ही सारखी असतील, किंवा पायाखाली ठोकळे देऊन सारखी करता येत असतील, तर पाठीला पाठ लावून ठेवा आणि वर एक जाड फळी टाका. कपाटं ४५-४५ सेंटिमीटर खोल असली तर ९० चा पृष्ठभाग मिळतो. दीड मीटर पन्ह्याचं कापडही दुमडलं की ७५ होतं, म्हणजे आरामात मावतं. कटिंग टेबलाचा सगळा खर्च वाचला. उंची जमत नसेल तर ती कपाटं घेऊच नका, कितीही सुंदर असोत.

घेण्याआधी टेबलावर दोन्ही हातांनी जोर देऊन हलवून बघा. घरगुती मशीनसुद्धा मिनिटाला ७०० ते १००० टाके घालतं, डुगडुगणारं टेबल त्याच्याबरोबर नाचतं. लाकडात बारीक भोकं आणि खाली ताजा भुगा दिसला तर कीड जिवंत आहे, सोडून द्या. तुमच्या कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी तसलं लाकूड नको.

आता ७७ चे ६० च्या आत कसे आणायचे? जुन्या वस्तूंच्या ५० पैकी काचेच्या कपाटाचे १२ धरू. ते काढाच. उजेडात कापड विटतं, आणि काचेआड सगळं नीट रचून ठेवायला तुम्हाला वेळही नसणार. रॅकचे ६ धरू, तो पहिल्या तिमाहीच्या ऑर्डरच्या पैशातून घ्या. पॉलिश सध्या नको, फक्त सांधे दुरुस्त करा, म्हणजे दुरुस्तीच्या ८ पैकी ६ वाचले असं धरू. हे केलं की एकूण ५३ वर येतं. उरलेले ७ तसेच राहू द्या. बेमेळ खोलीत पैसा गळतो तो ‘एवढंच तर आहे’ म्हणून घेतलेल्या छोट्या गोष्टींत, आणि सगळ्यात जास्त, जे जुळत नाही ते नंतर जुळवण्यात: आधी नव्या मुठी, मग त्यांना शोभेल असा रंग, मग पडदे. एकसारखं दिसायलाच हवं असेल तर एक रंग ठरवा आणि तुमच्याच उरलेल्या कापडाचं मशीनवरचं झाकण, खुर्चीची उशी, टोपल्यांची अस्तरं शिवा.

खुर्चीत आणि दिव्यात मात्र काटकसर करू नका. दिवा घेताना खोक्यावर रंग-अचूकतेचा आकडा, म्हणजे सीआरआय, ९० किंवा वर आहे ना ते पाहा. नाहीतर रात्री जुळवलेला धागा सकाळी वेगळाच निघतो आणि उसवण्याचे तास तुमच्या माथी येतात.

राहिली नोंदणी रक्कम. ती परत मिळत नसेल तर या निर्णयात ती धरू नका. संच घेतला काय, न घेतला काय, ती गेलेलीच आहे. परत मिळत असेल तर मुदत असणार. पावतीमागच्या अटी आज वाचा आणि रद्द करायचं लेखी कळवा, फोनवर नको.