खुर्ची ओढा आणि बसा

सलाम ताई,
मी ५७ वर्षांची आहे, मोहन नगरला राहते. नाताळात पुण्याच्या मुलीने मला मोठ्यांसाठीचं रंगवायचं पुस्तक आणलं. प्रत्येक पानावर बायबलमधलं एक वचन, भोवती वेली, फुलं, पाखरं. वचनं इंग्रजीत आहेत, पण मला ती मराठीत पाठ आहेत, रंगवताना मनात म्हणत जाते. सध्या तेविसावं स्तोत्र चाललंय. रात्री कामं आटोपली की अर्धा-पाऊण तास रंगवते. डायनिंग टेबलावर यांचे पेपर, पासबुकं, औषधांचे डबे असतात, नातूही तिथेच अभ्यास करतो. म्हणून मी मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीनवर पुस्तक ठेवून उभ्याने रंगवते. मशीन चालू असलं की हात हलतो, रंग रेषेबाहेर जातो, तेवढंच. मन फार शांत होतं, झोपही चांगली लागते. पण सासूबाई म्हणतात, "काय पोट्टीसारखी रंग भरून राहिली? गुडघ्यावर येऊन, डोळे मिटून करतात ती प्रार्थना." माझे गुडघे दुखतात, चर्चमध्येही मी बसूनच प्रार्थना करते. हे स्वभावाने फार चांगले, कधी काही म्हणत नाहीत. ताई, ही भक्ती आहे की नुसता वेळ घालवणं? पाळकसाहेबांना विचारू का?
— एक भगिनी, नागपूर

भगिनी, तुम्ही उभ्याने का रंगवता?

तुम्ही विचारलंय भक्तीबद्दल आणि त्याचं उत्तर मी देणार आहे, पण पत्र वाचताना माझं मन अडकलं ते त्या वॉशिंग मशीनपाशी. दुखऱ्या गुडघ्यांची बाई दिवसभर ओट्याशी उभी असते. सगळ्यांचं सगळं झाल्यावर जो अर्धा-पाऊण तास तिच्या वाट्याला येतो, तिचा आणि तिच्या देवाचा, तोही ती उभ्यानेच काढते. आणि त्याबद्दल तिची तक्रार एवढीच, की रंग रेषेबाहेर जातो. चर्चमध्ये तुम्हाला बसायला जागा आहे. स्वतःच्या घरात नाही. हे तुम्ही "तेवढंच" म्हणून सोडून दिलंत याचा मला राग आला, आणि खरं सांगते, सासूबाईंपेक्षा तुमचा जास्त आला.

भक्तीचं आधी संपवते. हो, ही भक्तीच आहे. बायबलमध्ये उपासनेचा मंडप उभारायची वेळ आली तेव्हा देवाने मोशेला ज्याचं नाव घेऊन सांगितलं, तो बसालेल कारागीर होता. सोनं, रुपं, पितळ, रत्नं, लाकूड यांत हात चालणारा माणूस. देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं, असं निर्गमाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. त्याच्या जोडीला दिलेला अहलियाब निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताचं भरतकाम करणारा होता. रंग हाताळणाऱ्या माणसांना शास्त्राने इतक्या मानाने वागवलंय, तिथे तुमच्या पेन्सिलींना कोण नाही म्हणणार? राहिलं सासूबाईंचं. बायबलमधलीच हन्ना मंदिरात प्रार्थना करत होती, नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं, ही बाई प्यालेली आहे. समोर चाललेली प्रार्थना खुद्द याजकाला ओळखता आली नाही. सासूबाईंना तुमची ओळखता आली नसेल, तर ते मनाला लावून घेऊ नका. गुडघ्यावरची त्यांची प्रार्थना मोठीच आहे. तुमची वेगळी आहे.

मन शांत होतं म्हणता, तेही खरं आहे. २००५ साली अमेरिकेत नॅन्सी करी आणि टिम कॅसर या दोघांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम थोडं अस्वस्थ केलं आणि मग २० मिनिटं रंगवायला बसवलं. ज्यांना गोलाकार नक्षी किंवा चौकडी रंगवायला दिली होती त्यांची अस्वस्थता उतरली. कोऱ्या कागदावर मनाला येईल ते काढणाऱ्यांची तशी उतरली नाही. रेषा आखलेल्या असल्या की मन त्यांच्या आत थांबतं. तुमच्या पानावर तर त्या रेषांच्या मधोमध वचन आहे आणि ते तुम्ही मनात म्हणता आहात. झोप चांगली लागणारच.

आता परत तुमच्या गॅलरीत येते.

वचनाला रंग देण्याची रीत तेराशे वर्षांहून जुनी आहे. आठव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या उत्तरेकडच्या मठात लिहिलेलं एक अख्खं लॅटिन बायबल आज इटलीत, फ्लॉरेन्सला जपून ठेवलंय. कोडेक्स अमियाटिनस म्हणतात त्याला. त्यात बायबलमधल्या एज्रा शास्त्र्याचं, म्हणजे नियमशास्त्राच्या जाणकाराचं, रंगीत चित्र आहे, मिळालं तर मुलीला मोबाइलवर दाखवायला सांगा. मागे उघडं कपाट, फळ्यांवर ग्रंथ. पुढे एज्रा बसलेला, पुस्तक मांडीवर, मान खाली, हात लिहिता. आणि पायांखाली पाट. ज्या मठवासीयांनी हे चित्र काढलं, ते स्वतः दिवसाच्या उजेडात बसून महिनोन् महिने हेच काम करत होते. लिहिणाऱ्याच्या पायांना आधार लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्याच काळातल्या, इंग्लंडच्याच लिंडिस्फार्न बेटावरच्या शुभवर्तमानांच्या हस्तलिखितात मत्तय लिहिताना दाखवलाय, तोही गादी घातलेल्या आसनावर. या चित्रांत वचन लिहिणाऱ्या माणसाला कुणी उभं ठेवलेलं नाही.

आणि तुम्ही कोणतं स्तोत्र रंगवताय? "तो मला हिरव्यागार कुरणांत बसवतो." त्या कुरणात हिरवा रंग भरताना तुमचे गुडघे ठणकत असतात. मला हे सहन होत नाही.

तुमच्या यजमानांबद्दल तुम्ही लिहिलंय की ते चांगले आहेत, कधी काही म्हणत नाहीत. म्हणायला हवं होतं. नाताळापासून बायको रोज रात्री गॅलरीत उभी दिसते आणि त्या माणसाला एक खुर्ची ओढून द्यावीशी वाटत नाही, तर त्या चांगुलपणाचं कौतुक माझ्याकडून होणार नाही. सासूबाई निदान बोलल्या तरी. त्यांनी तुम्ही काय करताय ते पाहिलं, त्यांना ते खटकलं, त्यांनी तोंडावर सांगितलं.

पण टेबल मोकळं करा, असं तुम्ही घरात कधी म्हणालात का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. टेबलाची दोन हात जागा मागणं तुम्हाला इतकं अवघड वाटलं की त्याऐवजी तुम्ही देवाला ही भक्ती चालते का, असा प्रश्न घेऊन बसलात. पाळकसाहेबांनी हो म्हटलं की मग घरात जागा मागायचा हक्क मिळेल, असं काहीसं तुमच्या मनात आहे. तो हक्क पाळकांकडून आणायचा नसतो, भगिनी. त्या टेबलावर इतकी वर्षं सगळ्यांची ताटं तुम्हीच मांडली आहेत.

तेव्हा उद्या संध्याकाळी साडेसात वाजता, सगळे घरात असताना, टेबलावरचे पेपर आणि पासबुकं उचलून कपाटात ठेवा. औषधाचे डबे फ्रिजवर ठेवले तरी चालतील. नातू एका टोकाला अभ्यास करू दे, त्याला उठवू नका. खुर्ची ओढा, पाठीला उशी घ्या, एज्रासारखा पायांखाली पाट घ्या आणि पुस्तक उघडा. कुणी विचारलं तर एवढंच सांगा, "मी प्रार्थनेला बसलेय." झोपायची वेळ होईपर्यंत थांबू नका, दिवा मालवलेल्या घरात चोरून करायचं हे काम नाही. पेन्सिली लाकडीच वापरा. स्केच पेन कागदाच्या मागच्या बाजूला उतरतो, म्हणजे पुढचं वचन खराब होतं. आणि मेणाचे खडू गॅलरीत राहिले तर मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात मऊ पडतील. सगळं सामान आत आणा, टेबलाच्या खणात ठेवा, तो खण तुमचा.

सासूबाई जवळच बसत असतील तर त्यांना म्हणा, "आई, तुम्ही स्तोत्र मोठ्याने म्हणा, मी रंगवते." त्यांनी नाही म्हटलं तरी तुम्ही उठू नका. यजमानांनी जेवणाचं विचारलं तर सांगा, पान झालं की वाढते, आणि घाई असेल तर कुकर गॅसवरच आहे.