वाचकांचे प्रश्न : ढोरदवणा ओळखावा कसा?

प्रश्न : रुळांच्या कडेच्या भरावावर छातीइतके उंच वाढलेले एक झुडूप मी गेले काही दिवस पाहत आहे. पान चुरगळले की दवण्याची आठवण करून देणारा वास येतो. मोबाइलवरील वनस्पती ओळखण्याच्या अ‍ॅपने एका छायाचित्रावरून ते ‘मगवर्ट’ असल्याचे सांगितले, तर दुसऱ्यावरून काँग्रेस गवत. खरे काय मानावे?

उत्तर : दोन्ही छायाचित्रे बहुधा वरून काढलेली असावीत. या झाडाची मुख्य खूण पानाच्या खालच्या बाजूला असते, त्यामुळे वरून घेतलेल्या छायाचित्रावरून अ‍ॅप चुकले तर त्यात नवल नाही. एक पान तोडून उलटे करावे. मगवर्ट, म्हणजे ढोरदवणा याच नावाने ओळखले जाणारे आर्टेमिसिया व्हल्गॅरिस, असेल तर पानाची वरची बाजू गडद हिरवी व जवळजवळ गुळगुळीत दिसते आणि खालची बाजू नमद्याचे अस्तर लावल्यासारखी पांढुरकी असते. हे पांढरेपण दाट, गुंतलेल्या लवेचे असते. भुरी रोगाची पांढरी पूड बोटाने सहज पुसली जाते. ही लव तशी पुसली जात नाही, मात्र नखाने खरवडल्यास तिच्याखालचा हिरवा रंग दिसतो. काँग्रेस गवताच्या पानाला असे अस्तर नसते आणि त्याची पांढरी, चांदणीसारखी फुले एकदा आली की शंका उरत नाही.

तरीही केवळ एका खुणेवर निर्णय देऊ नये, असे माझे मत आहे. खोड पाहावे : ते उभे, लांबट खोबणी असलेले आणि बहुतेक वेळा जांभळट तांबूस असते, कापल्यास आत पांढरा भेंड दिसतो. पाने एकाआड एक येतात, साधारण ५ ते २० सेंटिमीटर लांब असतात आणि शेवंतीच्या पानांसारखी कातरलेली, परंतु अधिक खोल व टोकदार खंडांची असतात. बुंध्याजवळच्या पानांना देठ असतो, मधल्या पानांच्या तळाशी खोडाला बिलगलेल्या लहान पाळ्या असतात आणि शेंड्याकडची पाने इतकी साधी, अरुंद होत जातात की ती वेगळ्याच झाडाची वाटावीत. झाड १ ते २ मीटर उंच होते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, युरोपात साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये, शेंड्यावर फांद्यांचा मोठा फुलोरा येतो. त्यातील पिवळट किंवा तांबूस तपकिरी फुलगुच्छ जेमतेम काही मिलिमीटरचे असतात आणि त्यांना पाकळ्यांसारखा घेर नसतो. परागीभवन वाऱ्याने होत असल्याने कीटकांना खुणावणारा रंग त्यांना लागत नाही. ज्यांना परागकणांची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी मात्र याच काळात या झाडापासून दूर राहावे.

वासावर फार भिस्त ठेवू नये, कारण आर्टेमिसिया या प्रजातीतील, म्हणजे अनेक जातींच्या या गटातील, बहुतेक झाडे सुवासिक असतात. आर्टेमिसिया अ‍ॅब्सिंथियमची पाने दोन्ही बाजूंनी रुपेरी व बोथट खंडांची असतात, म्हणून ते चटकन वेगळे काढता येते. आर्टेमिसिया व्हर्लोटिओरम मात्र अनुभवी माणसालाही गोंधळात टाकते. ते फार उशिरा, शरद ऋतू सरत आल्यावर फुलते आणि जमिनीखाली लांबवर धावणारे फुटवे सोडते. भारतातील डोंगराळ भागांत दिसणारा आपला ढोरदवणा बहुतेकदा आर्टेमिसिया निलगिरिका असतो. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लार्क यांनी १८७६ मध्ये त्याला व्हल्गॅरिसचाच एक प्रकार म्हटले होते आणि वनस्पतिशास्त्रज्ञ पाम्पानीनी यांनी १९२६ मध्ये त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. जुन्या पुस्तकांत दोन्ही झाडे एकाच नावाखाली सापडतात ती यामुळे.

प्रश्न : हे झाड पडीक जागीच का दिसते? निगा राखलेल्या बागेत किंवा जंगलात ते का आढळत नाही?

उत्तर : मूळचे हे झाड युरोप, आशिया आणि उत्तर आफ्रिकेतील समशीतोष्ण भागांतले असून उत्तर अमेरिकेत ते माणसाबरोबर पोहोचले. त्याला भरपूर ऊन, नत्राने समृद्ध माती आणि कधीतरी उकरली गेलेली, पण पुढे वर्षानुवर्षे कोणी नांगरलेली नाही अशी जमीन मानवते. रस्त्यांच्या कडा, रेल्वेचे भराव, राडारोड्याचे ढीग, शेतांचे बांध आणि नदीकाठ येथे या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. दाट सावलीत ते तग धरत नाही, म्हणून जंगलात शिरत नाही. बागेत मात्र ते येते, आणि आले की सहज जात नाही : जमिनीखालच्या आडव्या खोडाचा लहानसा तुकडा मातीत राहिला तरी त्यातून नवे झाड उभे राहते, त्यामुळे कुदळीने खणून तुकडे पसरवणे म्हणजे त्याची लागवड करण्यासारखेच आहे.

प्रश्न : कोवळे रोप असतानाच ओळखून पाने खाण्यासाठी काढता येतील का?

उत्तर : कोवळ्या अवस्थेत मी हा सल्ला देणार नाही. रोपाची पहिली पाने गोलसर असतात, त्यांवर खोल कातर नसते, आणि बचनागासारख्या अत्यंत विषारी झाडांची कातरलेली कोवळी पानेही नवख्याला फसवू शकतात. गरोदर स्त्रियांनी तर हे झाड खात्रीने ओळखले असले तरी पोटात घेऊ नये. जागेवर खुणेची काठी रोवून ठेवावी, फुलोरा येईपर्यंत महिन्यातून एकदा तेच रोप पाहावे आणि प्रत्येक वेळी पान उलटे करून छायाचित्र घ्यावे.