बर्बनमध्ये पाणी किंवा सोडा घातला तर ती वाया जाते का?

नाही जात. तुम्ही सोडा ओतलात म्हणून 'वाया घालवलीस' असं म्हणून हसणाऱ्या मित्रांना एकदा विचारा, की त्या बाटलीत कंपनीनेच किती पाणी घातलंय. बहुतेकांना पत्ता नसतो.

तुमचा प्रश्न असा आहे, की मावसभावाने ड्यूटी फ्रीमधून बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, आणली, तुम्ही ती नेहमीच्या व्हिस्कीसारखी सोड्यातून घेतली आणि चारचौघांत तुमची शोभा झाली. आता बरोबर पद्धत कोणती, नुसती घ्यायची, बर्फावर की कोकमधून, आणि पुढची बाटली कोणती, हे तुम्हाला हवंय. सगळ्याचं उत्तर देईनच असं नाही, कारण मुद्दा पाण्याचा निघाला की माझं डोकं दुसरीकडेच जातं.

मी राहतो केंटकीत, लुइव्हिलला. बर्बन अमेरिकेत कुठेही बनवता येते, पण बनते ती मुख्यतः इथे. निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान ५१ टक्के मका, आणि आतून जाळलेलं ओकचं कोरं पिंप, एवढं असलं की झालं. इथल्या लोकांना पाण्याचं काहीही वाटत नाही. शेजारचे आजोबा अंगणात बसून सरळ अर्धं पाणी घालून पितात. पाण्याचं वाटतं ते आमच्या साडूंना, आणि ते राहतात न्यू जर्सीत.

साडूंचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो. यांच्याकडे ट्यूलिपच्या आकाराचे ते बसके ग्लास आहेत, ते मोज्यांत गुंडाळून प्रवासातसुद्धा बरोबर असतात. औषधाच्या ड्रॉपरसारखा एक ड्रॉपरही आहे. बर्बनमध्ये पाणी दोन थेंब, तिसरा नाही. का, तर २०१७ साली स्वीडनमधल्या संशोधकांचा एक पेपर आला होता, की व्हिस्कीत पाणी घातल्यावर ग्वायकॉल नावाचा वासाचा रेणू वर पृष्ठभागाशी येतो. पेपर खरा आहे. फक्त तो कॉम्प्युटरवरच्या मॉडेलचा आहे आणि त्यात बोलणं आहे ते साठ टक्क्यांच्या आसपासची दारू पंचेचाळीसच्या खाली आणण्याबद्दल. साठ मिलीत दोन थेंब टाकून ४५ टक्क्यांची ४४.९ होते. यासाठी ड्रॉपर कशाला हवा?

तर आमचे सासरे, अण्णा, सासूबाईंना घेऊन इकडे आले होते तेव्हाची गोष्ट. अण्णांची अख्खी नोकरी सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेली, केमिस्ट म्हणून. मळी, वॉश, स्पिरिट, बॉटलिंग, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. साडू आणि मेहुणीही सुट्टी काढून आले आणि साडूंनी परस्पर बार्ड्सटाउनच्या बाजूला एका डिस्टिलरीची टूर बुक केली. गाडीत निम्मा वेळ साडू अण्णांना बर्बन म्हणजे काय ते समजावून सांगत होते. अण्णा 'हं हं' करत खिडकीतून घोड्यांची कुरणं बघत होते.

आत लाकडाच्या प्रचंड उघड्या टाक्यांत मका आंबत होता, वर फेस, मधूनच बुडबुडा. टूर दाखवणारा पोरगा म्हणाला, बोट बुडवून चाखा, चालतं. अण्णांनी बोट बुडवलं, चाटलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "आंबील की ओ ही! नुसतं मीठ-जिरं नाही." आणि खरंच तीच चव, आंबट, कोमट, पिठूळ. साडू मात्र 'सावर मॅश, सावर मॅश' करत बसले. आधीच्या घाण्यातला थोडा आंबट ऐवज नव्यात घालतात म्हणून त्याला तसं म्हणतात, हे अण्णांना तोंडात घातल्या घातल्या कळलं होतं.

मग अण्णांनी त्या पोराला धरलं. मला म्हणाले, "जावईबापू, विचारा त्याला, भट्टीतनं किती टक्क्याला निघतं, पिपात किती टक्क्यानं भरतात, आणि पाणी कुठनं मारतात." मी दुभाषा. कायद्याने ८० टक्क्यांच्या वर गाळायची नाही आणि पिपात भरताना ६२.५ च्या वर असायची नाही. म्हणजे जास्त निघाली तर पहिलं पाणी तिथेच पडतं, पिपात जायच्या आधी. दुसरं पडतं बाटलीत भरताना, कारण विकायला किमान ४० टक्के पुरते. पोरगा आधी पंधरा मिनिटं केंटकीतल्या चुनखडीच्या पाण्याचं कौतुक करत होता. ते खोटं नाही. चुनखडीतून झिरपलेल्या पाण्यात लोह राहत नाही, आणि लोह असलं की दारू काळपट पडते, चव बिघडते. पण अण्णांनी नेमकं विचारलं, बाटलीच्या वेळीही तेच पाणी का? तो हसून म्हणाला, नाही, ते आरओचं. अण्णा एकदम खूश. "डी.एम. वॉटर! क्षार काढलेलं. आमच्यात पण तेच." आम्ही बाहेर आलो तेव्हा साडू गिफ्ट शॉपमध्ये चुनखडीच्या पाण्याची छोटी बाटली विकत घेत होते.

गिफ्ट शॉपमध्ये आणखी एक झालं. बाटलीवर ८० प्रूफ बघून अण्णा अस्वस्थ. आपल्याकडची ७५ डिग्रीची, म्हणजे अमेरिकेची जास्त कडक? मग तिकिटाच्या पाठीमागे पेनने हिशेब. आपलं प्रूफ ब्रिटिशांचं, त्यात १०० म्हणजे ५७.१ टक्के, म्हणून ७५ चे ४२.८. अमेरिकन प्रूफ म्हणजे टक्क्यांची नुसती दुप्पट, ८० चे ४०. "आपलीच कडक," म्हणाले, आणि तिकीट घडी करून खिशात टाकलं.

रात्री आमच्या डेकवर बसलो. मंडळातले दोघं-तिघं आले होते. साडूंनी आपली ४५ टक्क्यांची बाटली काढली, मोज्यांतून ग्लास काढले, सगळ्यांना दोन बोटं ओतली. अण्णांनी सवयीने पाण्याचा जग उचलला. तर साडूंनी अण्णांच्या ग्लासवर तळहात आडवा धरला. चक्क. "अण्णा, पाणी नको, बर्बनचा अपमान होतो."

सगळे गप्प. अण्णांनी जग तसाच धरून ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "हात काढा जावईबापू, न्हाईतर हातावरनं वततो."

साडूंनी हात काढला. अण्णांनी पाणी ओतलं, एक घोट घेतला आणि मग विचारलं, "पिपात बासष्ट होतं म्हणला तो पोरगा. तुमच्या बाटलीवर पंचेचाळीस लिवलंय. मधलं सतरा कुठं गेलं?"

साडू म्हणाले, ते मास्टर डिस्टिलर चव बघून ठरवतो.

"मी तेच काम केलंय ओ," अण्णा म्हणाले. "ब्येचाळीस पूर्णांक आठवर आणा असा कागद यायचा. टाकी, पाणी, हायड्रोमीटर. आणायचो. चव कोण बघतंय?"

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि तेव्हापासून मी ते साडूंना दर दिवाळीच्या फोनवर सांगतो. बाटलीवरचा आकडा बहुतेक वेळा चवीने नाही, कायद्याने, कराने आणि किमतीने ठरतो. इथे करही प्रूफप्रमाणे लागतो. पाणी जास्त तितका बाटलीमागचा कर कमी आणि एका पिपातून बाटल्या जास्त. कंपनीने पाणी घातलं की ती कला, आणि सांगलीच्या म्हाताऱ्याने घातलं की अपमान?

साडूंचा हुकमी पत्ता म्हणजे मेकर्स मार्क. त्या कंपनीने २०१३ मध्ये माल पुरेना म्हणून ४५ टक्क्यांची ४२ करायचं जाहीर केलं, गिऱ्हाइकांनी असा गोंधळ घातला की आठवड्याभरात निर्णय मागे. "बघा, लोकांना पाणी नको असतं." अहो, लोकांना पाण्याचे पैसे द्यायचे नव्हते! स्वतःच्या नळाचं पाणी स्वतःच्या ग्लासात घालायला कोणाची ना आहे? आणि ज्यांच्या नावाची बर्बन आहे त्या जिम बीमचे नातू बुकर नो, ज्यांनी १९८८ साली पाणी न घालता थेट पिपातली दारू बाटलीत भरून स्वतःच्या नावाने बाजारात आणली, ते गृहस्थ स्वतः भरपूर पाणी घालून प्यायचे. हे सांगितलं की साडूंच्या फोनची रेंज जाते.

आता तुमचं. मी घेतो ती अशी: १०० प्रूफची, म्हणजे ५० टक्क्यांची, साठ मिली, त्यात तीस मिली साधं गार पाणी. फ्रीजचं नाही, माठाचं असलं तर उत्तम. एक-दोन मिनिटं थांबायचं. नाकाला झोंबणारं अल्कोहोल खाली बसतं आणि जळक्या ओकमधून आलेला व्हॅनिला, जळलेल्या साखरेचा वास वर येतो. पहिला घोट मात्र नुसताच घ्या, पाणी घालायच्या आधी, म्हणजे फरक कळेल. पिपातली थेट साठ-बासष्टची बाटली हाताला लागली तर नुसती पिऊन मर्दुमकी दाखवू नका. साठ मिलीत साधारण तेहेतीस मिली पाणी घातलं की ती चाळीसवर येते, आणि जिभेला काहीतरी कळायला लागतं.

बर्फ मला आवडत नाही. थंडीने मक्याचा गोडवा मरतो आणि ओकचा कडूपणा तेवढा उरतो. घालायचाच तर एक मोठा तुकडा घाला. आणि फ्रीजरमध्ये सुरमई ठेवलेली असेल तर तो बर्फ कशातच घालू नका. सोड्याबद्दल तुमची चूक काहीच नाही. आपल्याकडची नेहमीची व्हिस्की बहुतेक मळीच्या स्पिरिटमध्ये माल्ट मिसळून केलेली, तिला सोड्याने जरा जान येते, म्हणून हाताला सवय. बर्बनला सोडा लागत नाही, पण मे महिन्यात पुण्यात पंखा गरम हवा फेकत असताना मीही सोडाच घेईन. कोक नको. बर्बन मुळात गोड, वर कोक म्हणजे पाक. जिंजर एल चालतं. इथे डर्बीच्या, म्हणजे घोड्यांच्या मोठ्या शर्यतीच्या दिवशी, मेच्या पहिल्या शनिवारी, लोक पुदिना, साखर आणि किसलेला बर्फ घालून ज्युलेप पितात, रेसकोर्सवर दोन दिवसांत लाखावर ग्लास खपतात, आणि बर्बनचा अपमान झाला म्हणून कोणी काळ्या फिती लावत नाही.

पुढची बाटली कोणती? 'बॉटल्ड इन बाँड' असं लिहिलेली मिळाली तर डोळे मिटून घ्या. १८९७ चा कायदा आहे. मधले व्यापारी दारूत तंबाखूचं पाणी आणि काय काय मिसळायचे म्हणून केला. एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान चार वर्षं सरकारी नियमाच्या गोदामात मुरलेली आणि बरोबर ५० टक्के, त्यामुळे पाणी घालायला जागा राहते. भारतात ती क्वचितच दिसते. तिथे जिम बीम सहज मिळते, सुरुवातीला काही वाईट नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनवरची आयात ड्यूटी १५० वरून १०० टक्क्यांवर आणली, पण राज्याचा कर वेगळा, त्यामुळे मावसभावाशी संबंध चांगले ठेवा. काळ्या लेबलची टेनेसीची ती प्रसिद्ध बाटली, जॅक डॅनियल्स, बर्बन आहे की नाही हा वाद मात्र मित्रांबरोबर काढू नका, रात्र जाते.

साडूंची एक बाजू सांगायला हवी. चाळीस टक्क्यांची स्वस्त बाटली असेल तर तिच्यात आधीच इतकं पाणी आहे की आणखी घातल्यावर फार काही उरत नाही. तिथे नुसती घ्या किंवा जेमतेम चमचाभर पाणी. आणि जुनी, बारा-पंधरा वर्षांची बाटली कोणी उघडली तर तीही आधी नुसती चाखा, लाकूड जास्त उतरलेलं असतं. रक्तदाबाच्या, साखरेच्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर हे सगळं वाचून सोडून द्या आणि डॉक्टरांना विचारा. पाणी घातलं म्हणून दारू कमी होत नाही, साठ मिली ती साठ मिलीच, तेव्हा गाडीची किल्ली आधीच बायकोकडे द्या.

चखण्याचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. भाजलेले बिनमिठाचे शेंगदाणे किंवा कमी तिखटाचा पोह्यांचा चिवडा. लिंबू पिळलेलं काहीही नको, बर्बनची चव पार झाकली जाते. साडू डार्क चॉकलेट घेतात. घेऊ देत.