ठसा डोलवू नकोस

ठशांनी दिवाळीची कार्डं बनवणार आहेस ना, मग पहिल्याच दिवशी ठशांचा मोठा संच घेऊ नकोस गं. एक पणती, एक पान, एक ‘शुभ दीपावली’, बस्स. पैसे कागदावर घाल: २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), गुळगुळीत. पातळ कागदावर शाई फुटते.

ठसा शाईच्या पॅडवर घासू नकोस, हलकेच टिप. कागदाखाली जुना माउसपॅड ठेव. सरळ दाब, सरळ उचल. डोलवलास की कडांचे डाग उमटलेच. माझी पहिली बारा कार्डं अशीच रद्दीत गेली.

सोनेरी उठाव हवा असेल तर पिगमेंट शाई घे. ती सावकाश वाळते, म्हणून एम्बॉसिंग पावडर (शाईवर भुरभुरवायची, तापली की वितळून उठाव देणारी पूड) तिला चिकटून राहते. वितळवायला हीट गन (खूप गरम हवा सोडणारं हातातलं यंत्र) लागते. केसांच्या ड्रायरने पावडर नुसती घरभर उडते (विचार माझ्या सासूबाईंना). आणि खोडरबरावर स्वतः ठसा कोरणार असशील, तर अक्षरं उलटी कोर.