४००जी डीआर४ ते १००जी डीआर: प्रकाश ठीक, तरी लिंक का येत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका कंपनीच्या स्विचवर ४००जी डीआर४ (चार समांतर १००जी लेनचं ऑप्टिकल मॉड्यूल), त्यातून ब्रेकआउट केबलने चार फाटे दुसऱ्या कंपनीच्या स्विचमधल्या क्यूएसएफपी२८ आकाराच्या, एका लेनच्या १००जी डीआर मॉड्यूलांना. दोन्हीकडे पॉवर मर्यादेत, पण चारही लिंक खाली. कंपन्यांची सरमिसळ हेच कारण का? आणि तसं असेल तर पुढच्या ८० किमीच्या मार्गावर दोन कंपन्यांचे ४००झेडआर (लांब अंतराची कोहेरंट ४००जी मॉड्यूलं) घ्यावेत का?

आधी १००जी बाजूच्या पोर्टवर एफईसी (वाटेतल्या बिटच्या चुका दुरुस्त करणारं कोडिंग) काय लावलंय ते बघा. आरएस-एफईसी (तिथे ते आरएस-५२८ प्रकारचं असतं) चालू असेल तर बंद करा. ४००जी पोर्ट ४×१००जी मोडमध्ये आहे असं धरून चालतो. तिथलं आरएस-५४४ हे एफईसी तसंच राहू द्या.

एकाच लिंकच्या दोन टोकांना एफईसीची सेटिंग वेगळी ठेवायची हे ऐकायला चुकीचं वाटतं, म्हणून बरेच जण दोन्हीकडे सारखीच ठेवतात आणि तिथेच अडकतात. फायबरवर दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट जाते: १०० गिगाबिटची एक पॅम४ (चार पातळ्यांचा सिग्नल) लेन, आरएस(५४४,५१४) एफईसीसह. फरक आहे तो हे एफईसी तयार कुठे होतं यात. क्यूएसएफपी-डीडीमध्ये, म्हणजे ४००जी बाजूच्या मॉड्यूलमध्ये, ते स्विचच करतो, मॉड्यूल फक्त पुढे पाठवतं. क्यूएसएफपी२८ला मात्र स्विचकडून २५जीच्या चार एनआरझेड (दोन पातळ्यांच्या) लेन मिळतात. त्या एकत्र करून पॅम४ बनवणं आणि एफईसी जोडणं हे दोन्ही मॉड्यूलमधला डीएसपी (सिग्नल प्रक्रियेची चिप) करतो. स्विचनेही त्याआधी आपलं आरएस-५२८ जोडलं, तर मॉड्यूलला अपेक्षित असलेली रचनाच मिळत नाही.

स्विच ते का जोडतो? कारण १००जी एसआर४ आणि सीडब्ल्यूडीएम४ या दुसऱ्या प्रकारच्या मॉड्यूलांना आरएस-५२८ लागतंच, म्हणून अनेक ठिकाणी ते आपोआप चालू असतं. एसएफएफ-८०२४ या मॉड्यूल-प्रकारांच्या कोडांच्या यादीत १००जी डीआरच्या कोडपुढे 'एफईसी नाही' असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण स्विचचं सॉफ्टवेअर त्या कोडच्या आधीचं असेल, तर ते मॉड्यूल न ओळखता नेहमीची सेटिंग लावून मोकळं होतं. दोष येतो 'परक्या' ऑप्टिक्सवर.

पॉवर ठीक आहे यावरून काहीच ठरत नाही. पॅम४मध्ये एफईसीपूर्वी चुका असतातच. बघायचा तो प्री-एफईसी बीईआर (दुरुस्तीआधीचं चुकलेल्या बिटांचं प्रमाण), आणि तो साधारण २.४×१०⁻⁴च्या बराच खाली हवा. त्याच दमात एमपीओ केबलची (अनेक फायबर एकाच कनेक्टरमध्ये असलेली ब्रेकआउट केबल) पोलॅरिटी, म्हणजे कुठलं फायबर कुठे जातं ते, तपासा. डीआर४चं टोक एपीसी (तिरपं घासलेलं) असतं, एसआर४साठी आणलेली केबल तिथे चालणार नाही. १००जी एलआर४ आणि सीडब्ल्यूडीएम४ही एकमेकांना जोडू नका: कनेक्टर तोच, फायबर तोच, पण तरंगलांबी वेगळ्या.

आता ८० किमी. दोन कंपन्यांचे ४००झेडआर बेलाशक घ्या. ओआयएफ या उद्योगसंस्थेने २०२०मध्ये ४००झेडआरचा करार प्रसिद्ध केला तोच यासाठी: मॉड्युलेशन डीपी-१६क्यूएएम, वेग सुमारे ६० गिगाबॉड, एफईसी सीएफईसी, सगळं ठरलेलं. मात्र बरीच मॉड्यूलं ओपनझेडआर+ हा दुसरा मोडही करतात आणि तिथे ओएफईसी हे वेगळं एफईसी असतं. दोन्ही टोकांना एकच मोड आणि एकच फ्रिक्वेन्सी हातानेच लावा, आपोआप जुळेल या भरवशावर राहू नका. मार्गावर ॲम्प्लिफायर आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर ४००झेडआरला फक्त ११ डीबी तोटा चालतो. ८० किमी फायबर एकटंच १६ ते २० डीबी खातं. तिथे कुठल्याही कंपनीची जोडी चालणार नाही.

माझ्या अनुभवात झेडआरची खरी डोकेदुखी प्रकाशाच्या बाजूला क्वचितच असते, ती स्विच आणि मॉड्यूल यांच्या मधे असते. सीएमआयएस (स्विच आणि मॉड्यूल यांच्यातल्या व्यवस्थापनाचं प्रमाण) वाचून योग्य ॲप्लिकेशन, म्हणजे मॉड्यूलचा कामाचा मोड, निवडणं, लेसर स्थिर होईपर्यंत थांबणं, हे सॉफ्टवेअरचं काम. कोहेरंट मॉड्यूलला तयार व्हायला बराच वेळ लागतो. मॉड्यूल तो वेळ स्वतः जाहीर करतं, पण काही सॉफ्टवेअर तेवढं न थांबता त्याला रीसेट करतात आणि हे चक्र चालूच राहतं. शिवाय पोर्ट आणि त्याचं कूलिंग १५ ते २० वॅट पेलतं का ते डेटाशीटमध्ये बघा. सगळे ४००जी पोर्ट पेलत नाहीत.

ईप्रॉममधलं (मॉड्यूलची ओळख साठवणारी मेमरी) कंपनीचं नाव बघून मॉड्यूल नाकारणं हा वेगळा प्रकार. तो धंद्याचा निर्णय आहे, त्यामागे तांत्रिक अडचण शोधत बसू नका. खरेदीच्या अटींतच लिहून घ्या की प्रमाणानुसार असलेलं कोणतंही मॉड्यूल चालेल, आणि ते लावलं म्हणून स्विचच्या तक्रारीला नकार मिळणार नाही. सही झाल्यावर हे मागून मिळत नाही.

एफईसी बंद करूनही चारही लिंक खालीच राहिल्या, तर दोन्ही स्विचची सॉफ्टवेअर आवृत्ती, १००जी मॉड्यूलचा ईप्रॉम डंप आणि डीआर४ने निवडलेलं ॲप्लिकेशन कळवा. ते ४×१००जीऐवजी सलग ४००जी असेल, तर उत्तर तिथेच आहे.