चहापाणी : ऊलाँगची टी-बॅग आणि आपलं पातेलं

प्रश्न : अक्का, माझा भाचा बेंगळूरला नोकरीला आहे. गावी येताना त्यानं ऊलाँग चहाच्या २५ टी-बॅगांचा डबा आणला. मी नेहमीसारखा चहा केला. पातेल्यात पाणी, आलं, साखर, दोन बॅगा, चांगली उकळी, मग दूध. रंग धड आला नाही आणि जिभेवर तुरट थर बसला. सासूबाईंनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. डबा टाकून द्यायला जीव होत नाही. आमचं काय चुकलं? आणि या चहाची चव लागायला हवी तरी कशी?
(एक वाचक, खानापूर)

उत्तर : डबा टाकू नका. तुमच्या सासूबाईंनाही हा चहा आवडेल असं मला मनापासून वाटतं. फक्त तो पातेल्यातून बाहेर काढायला हवा.

आपण घरोघरी उकळतो तो ममरी चहा. पान यंत्रात चिरडून, फाडून त्याच्या बारीक गोळ्या वळलेल्या असतात. ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली. त्या गोळ्यांतून रंग आणि कडकपणा भराभर उतरतो, म्हणून दूध, साखर, आलं, गूळ काहीही घातलं तरी चहा आपली जागा सोडत नाही. ऊलाँगमध्ये ते बळ नसतं. दुधातली प्रथिनं चहाचा तुरटपणा धरून ठेवतात. ममरीत तुरटपणा भरपूर, म्हणून दुधानं तो गोडावतो. ऊलाँगचा वास आधीच हलका, तो दुधाखाली दबून जातो. तुम्ही वर खळखळून उकळलात. वास वाफेबरोबर गेला, तुरटपणा तेवढा पातेल्यात राहिला.

ऊलाँगचं झाड निराळं नसतं. हिरवा चहा, काळा चहा, ऊलाँग, सगळं एकाच झाडाच्या पानाचं. वांगं चिरून पाण्याबाहेर ठेवलं की फोडी काळ्या पडतात, ते आपण रोज बघतो. चहाच्या पानातही तेच होतं. पान चेपलं, त्याला हवा लागली की ते तांबूस, मग काळपट होत जातं. हिरव्या चहाला पान तोडल्यावर लवकरच आच देऊन हे थांबवतात. काळ्या चहाला ते पूर्ण होऊ देतात. ऊलाँगवाले मध्ये कुठेतरी थांबतात. पान उन्हात मलूल करायचं, मग पुन्हा पुन्हा हलवून त्याच्या कडा तेवढ्या चेपायच्या. कडा लालसर होतात, मधला भाग हिरवट राहतो. कारागिराच्या नाकाला जो वास हवा तो आला की गरम कढईत टाकून तिथंच थांबवायचं. चीनमधला फुजियान प्रांत आणि तैवान ही याची जुनी घरं. आता दार्जिलिंग, आसाम आणि निलगिरीतही ऊलाँग होतो. थोडं अलीकडे थांबवला तर फुलासारखा, हिरवट वासाचा. बराच पुढे नेऊन वर भाजला तर खरपूस. रोजच्या टी-बॅगेत बहुधा हा भाजका, तपकिरी ऊलाँग येतो, तोही मोडक्या पानाचा.

आता कृती. एक टी-बॅग म्हणजे साधारण २ ग्रॅम चहा. तिला पाऊण ग्लास, म्हणजे १५० ते १८० मिलिलिटर पाणी पुरे. पाणी उकळू द्या, गॅस बंद करा, झाकण काढून मिनिटभर थांबा. बेळगाव ७५० मीटरच्या आसपास उंचीवर असल्यामुळे आपल्याकडचं पाणी तसंही ९७-९८ अंशांनाच उकळतं. मिनिटभरात ते भाजक्या ऊलाँगला हवं तेवढं निवतं. कप आधी गरम पाण्यानं विसळून घ्या, बॅग ठेवा, वरून पाणी ओता, बशी झाका. घड्याळ लावून तीन मिनिटं. पूर्ण पानाच्या चहाला जास्त वेळ लागतो, पण मोडकं पान लवकर उतरतं. बॅग उचला आणि निथळू द्या. चमच्यानं दाबून पिळू नका, तुरट पाणी शेवटी तिथूनच येतं. दूध नको, आलं नको. पहिल्या घोटाला साखरही नको.

चव कशी लागायला हवी हे मला सांगता येईल, पण तुम्ही स्वतः शोधलीत तर जास्त लक्षात राहील. तीन कप मांडा. एकाच डब्यातल्या तीन बॅगा, तेवढंच पाणी. पहिली दीड मिनिटानं काढा, दुसरी तीन मिनिटांनी, तिसरी सहा मिनिटांनी. मग तिन्ही कप थोडे निवू द्या. चटका बसला की जिभेला दुसरं काही कळत नाही. आधी ओल्या बॅगेचा वास घ्या, मग चहा बशीत ओता आणि फुरका मारा.

हो, फुरकाच. आमचं रविवार पेठेत चहापत्तीचं दुकान होतं. आप्पा सकाळी माल तपासायला बसायचे तेव्हा दुकानात चार-पाच बशा ओळीनं मांडलेल्या असत. प्रत्येक बशीतून असा जोरदार फुरका की बाहेर उभ्या हमालाला ऐकू जावा. मी तेव्हा शाळेत, मैत्रिणी सोबत असल्या की मला लाज वाटायची. पुढे आप्पांच्या मागे तीस वर्षं मी त्याच गादीवर बसले आणि कळलं की चहाच्या लिलावासाठी चव बघणारी जाणकार मंडळीही चमच्यातून असाच फुरका मारतात. घोटाबरोबर हवा आत गेली की चहाचे बारीक शिंतोडे तोंडभर उडतात आणि वास घशाच्या मागून नाकात चढतो. चवीचं निम्मं काम नाकाचं असतं. घरात म्हातारी माणसं बशीतून चहा पितात त्याला अडाणी म्हणू नका. त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त चव कळत असणार.

तीन बशांत काय सापडेल? दीड मिनिटाच्या कपात वास पुढे, अंग थोडं. सहा मिनिटांच्या कपात जिभेच्या कडा आवळतील, गालाच्या आतून कोरडं वाटेल, तोच तुरटपणा. मधल्या कपात, चहा बरा असेल तर, दोन्हींचा मेळ. वास कशाचा, ते आपल्याच घरात शोधा. परदेशी डब्यांवर ऑर्किड आणि पीच लिहिलेलं असतं, ते आपल्या नाकाला कुठून ओळखीचं असणार? मला भाजक्या ऊलाँगमध्ये पहिल्यांदा आठवली ती कुंद्याची, आपल्या बेळगावी मिठाईची, कढई. दूध-साखर आटत आटत तपकिरी होते, कडेची खरवड सुटते, त्या क्षणाचा वास. त्याच्यामागे फुटाण्याचा खमंगपणा. घोट गिळल्यावर थोडं थांबलात तर घशाशी बारीक गोडवा परत येतो. तो गोडवा साखरेचा नसतो आणि मला या चहात सगळ्यांत तोच आवडतो. सासूबाईंना भाजक्या जोंधळ्याच्या कण्यांचा वास आठवेल कदाचित. विचारा त्यांना आणि मला जरूर कळवा.

चहाच्या जाणकारांच्या चव-परीक्षेत १०० मिलिलिटरला २ ग्रॅम चहा आणि पूर्ण ६ मिनिटं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो दोन मालांची तुलना करायला, दोष उघडे पाडायला. घरी प्यायला तो वापरू नका. दुकानात पाहुण्याला देण्याचा चहा आप्पाही वेगळाच करायचे.

प्रश्न : आमच्या घरी बोअरचं पाणी आहे. एकाच डब्यातली ऊलाँगची बॅग बेळगावात मुलीकडे टिळकवाडीत केली तर चहा मधाच्या रंगाचा, आरपार दिसणारा. इकडे आमच्या घरी केला तर गढूळ, आणि वर साय धरल्यासारखा पापुद्रा. यात खोट चहाची की पाण्याची?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : पाण्याची. आणि हा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण आमच्या दुकानाची सगळी विद्या याच एका प्रश्नावर उभी होती. खेड्यातून गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "चा चांगला हाय खरं रंग मळका येतोय." आप्पा चहा तोलायच्या आधी एकच विचारायचे, "पाणी नदीचं, विहिरीचं का बोअरचं?" त्यावर कुठली पत्ती किती आणि भुकटी किती ते ठरायचं. एकाच भावाचा चहा दोन गावांना दोन तऱ्हेचा जायचा.

बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल या धरणांतलं पाणी येतं. ते मुख्यतः साठलेलं पावसाचं पाणी, त्यात क्षार कमी. बोअरचं पाणी खडकातून झिरपत खाली जातं आणि वाटेत कॅल्शियम उचलतं. किटलीच्या तळाला पांढरी पुटं धरतात ती त्याचीच. हे क्षार चहातल्या तुरट द्रव्यांना हवेच्या संगतीनं धरतात आणि वर तो चकाकता पापुद्रा येतो. खात्री करायची तर एका कपात लिंबाचे दोन थेंब टाका, पापुद्रा धरणार नाही. तो कप पिऊ नका, ऊलाँगची चव लिंबानं मारली जाते. कारण कळण्यापुरतं ते करून बघा.

उपाय असा. रात्री पाणी पाच-दहा मिनिटं खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. सकाळी तळाला पांढरा गाळ दिसेल. हलक्या हातानं वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि त्याचा चहा करा. सगळा कठीणपणा जात नाही, पण उकळीनं जाणारा भाग खाली बसतो. घरात आरओचं यंत्र असेल तर नुसतं ते पाणी घेऊ नका. त्यातले क्षार इतके कमी झालेले असतात की चहा फिका, सपाट लागतो. निम्मं ते, निम्मं उकळून निवळलेलं, असं मिसळा. मी सध्या गावाकडच्या घरी तेच करते.

मुलीकडे जाल तेव्हा बाटलीभर तिथलं पाणी घेऊन या. दोन्ही पाण्यांचे कप शेजारी मांडून घरातल्या सगळ्यांना चाखायला द्या. चहावर पैसे घालण्याआधी पाण्याकडे बघायचं, हे घरादाराला एका सकाळीत पटेल.

प्रश्न : ऊलाँगनं वजन उतरतं म्हणतात. दिवसातून किती कप घ्यावेत?
(एक वाचक, चिकोडी)

उत्तर : वजन उतरवायला म्हणून एकही नको. चहाच्या कपानं वजन उतरतं असं मी कुणाला सांगणार नाही. मात्र दिवसाच्या चार साखरेच्या चहांपैकी दोन कोरे ऊलाँग झाले, तर दर कपामागे दोन चमचे, म्हणजे आठेक ग्रॅम साखर पोटात जायची थांबते. फायदा तिथं आहे. रक्त कमी असलेल्यांनी कुठलाही चहा जेवणाला लागून घेऊ नये, तासाभराचं अंतर ठेवावं. अन्नातलं लोह अंगी लागायला चहा अडवतो. आणि यातही कॅफीन असतं, संध्याकाळनंतर नको.

प्रश्न : टी-बॅगा कुठल्या घ्याव्यात? जाळीदार, तिकोनी बॅगेतला चहा चांगला असतो का? आणि जांबोटीकडच्या पावसात आमच्या बॅगा लोळागोळा होतात, त्याला काय करावं?
(एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : तिकोनी बॅगेत पानाला फुलायला जागा मिळते, एवढं खरं. पण ती जाळी पुष्कळदा नायलॉनची किंवा तसल्याच प्लास्टिकची असते. २०१९ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी रिकामी बॅग गरम पाण्यात ठेवून पाहिली, तेव्हा एका बॅगेतून अब्जावधी सूक्ष्म कण पाण्यात उतरलेले आढळले. कागदी बॅगेतही कडा चिकटवायला प्लास्टिकचा धागा मिसळलेला असू शकतो. मी स्वतः बॅग कात्रीनं उघडते, चहा कपात मोकळा सोडते आणि नेहमीच्या स्टीलच्या गाळणीनं गाळते. मोकळा चहा लवकर उतरतो, तेव्हा अडीच मिनिटं पुरेत.

बॅग उघडण्याचा दुसरा फायदा असा की आत काय आहे ते दिसतं. पांढऱ्या बशीत ओता. पानाचे तुकडे दिसले तर बरं, नुसती धूळ असेल तर पुढच्या खेपेला तो डबा नको. डब्यावर घटक वाचा. फक्त ऊलाँग लिहिलेलं हवं. वास लावलेला चहा असेल तर चहाचा मूळ वास कसा आहे हे कळायला मार्ग उरत नाही. एकदा एका पुरवठादारानं आम्हाला ऊलाँग म्हणून नमुना पाठवला होता. डबा उघडताच सगळं दुकान फुलांच्या अत्तरानं भरलं. गरम पाण्यात टाकला तर अत्तर पाच मिनिटांत उडालं आणि खाली राहिला तो शिळा, मुका चहा. आप्पांनी त्या दिवशी मला एवढंच दाखवलं की पहिला घोट घेऊन मत देऊ नये, कप निवल्यावर दुसरा घ्यावा.

पावसाचं म्हणाल तर चहा ओल आणि वास दोन्ही ओढून घेतो. कागदी खोका उघडला की बॅगा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात हलवा. मसाल्याच्या, हिंगाच्या फळीवर तो डबा ठेवू नका आणि ओल्या हातानं उघडू नका. तुमच्याकडच्या लोळागोळा झालेल्या बॅगांना बुरशीचा वास येत असेल तर सरळ फेकून द्या. नुसत्या मऊ पडल्या असतील तर भाजका ऊलाँग वाचवता येतो. चीन-तैवानमध्येही जुना ऊलाँग पुन्हा भाजून घेतात. बॅगा कापून चहा मोकळा करा, कागद आणि दोरे बाजूला काढा. जाड बुडाची कोरडी कढई मंद आचेवर ठेवा, तळहात वर धरला तर सोसवेल इतकीच गरम. चहा पसरा आणि उलथन्यानं सतत हलवत राहा. दोनेक मिनिटांत पान बोटांत चुरचुरायला लागेल आणि वास उठेल. वास उठला की क्षणभरही थांबू नका, लगेच ताटात ओता, पूर्ण निवू द्या आणि मगच डब्यात भरा.